दोष कोणता, ते आधी सांगा



नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत, तेव्हा टोपोलॉजिकल फोटॉनिक्सवरची ही परिषद रायपुरात मराठीतून भरली याचे इथे कुणाला नवल नाही. स्टेशनवरून येताना आमच्या गुढियारीच्या घाऊक बाजारातली गर्दी तुम्ही पाहिली असेल. भर रस्त्यात ट्रकमधून माल उतरत असतो आणि हातगाडी त्याला वळसा घालून पुढेच जाते, कारण मागे फिरायला जागाच नसते. आतून प्रकाश अडवून फक्त कडेने वाहू देणाऱ्या रचनेच्या, म्हणजे फोटॉनिक टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या, कडेने जाणारी लहर साधारण तशीच वागते.

भौतिकशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि रघू यांनी 2008 साली ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी एमआयटीत चुंबकीय क्षेत्रात फेराइटच्या कांड्यांची जाळी उभारून लहरीच्या वाटेत धातूचा अडथळा ठेवला गेला. लहर त्याला वळसा घालून गेली. परतली जवळजवळ नाहीच. पण तो प्रयोग मायक्रोवेव्हचा. दृश्य प्रकाशाला चुंबकीय प्रतिसाद फारच क्षीण मिळतो, म्हणून संशोधकांनी दुसऱ्या वाटा धरल्या. 2013 मध्ये काचेत मळसूत्री प्रकाशवाहिन्या कोरल्या गेल्या, आणि त्याच वर्षी सिलिकॉनच्या कड्यांची जाळीही झाली.

गोम इथेच आहे. सिलिकॉनच्या कड्यात प्रकाश उजव्या आणि डाव्या, दोन्ही दिशांनी फिरू शकतो. भिंत जरा खडबडीत निघाली की एक दुसऱ्यात मिसळतो आणि परतीची वाट उघडते. म्हणजे संरक्षण सममितीकडून उसने घेतलेले. सममिती मोडणारा दोष आला की तेही गेले. अशाच सममितीवर टेकलेल्या ‘व्हॅली-हॉल’ रचनांचा तर फार गाजावाजा झाला. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील गटाने 2023 मध्ये त्या मोजल्या, तेव्हा लहर चांगलीच मागे फिरताना दिसली. मला हा निकाल अनेक यशोगाथांहून मोलाचा वाटतो.

उलट, कधी कधी रचनेतल्या अव्यवस्थेतूनच टोपोलॉजिकल अवस्था जन्मते, हे 2018 मध्ये प्रकाशवाहिन्यांत दिसले आहे. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या प्रयोगशाळेत विस्कळीत माध्यमांतील प्रकाशावर काम चालते.

म्हणून वक्त्यांना एकच विनंती. ‘दोषांपासून सुरक्षित’ एवढ्यावर थांबू नका. कोणता दोष घातला, किती लहर परत आली, हे पहिल्याच स्लाइडवर सांगा. आणि फसलेले नमुनेही सोबत आणले असतील, तर तेही दाखवा.