पक्षाघातानंतरचा व्यायाम : घरच्यांचे काम आणि तज्ज्ञाचे काम



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा पदवीधर माणूस. परंतु माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघात झाल्यावर दीड वर्ष त्यांच्याबरोबर रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जात होतो. तेथे जे पाहिले, विचारून घेतले, तेवढेच आपल्यासमोर ठेवतो.

आपल्याकडे कुणाला लकवा मारला की दोन गोष्टी होतात. कुणीतरी अमुक गावचे तेल नाही तर कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, आणि घरची माणसे मायेपोटी रुग्णाला अंथरुणावरून हलू देत नाहीत. पहिल्या गोष्टीचा खुळेपणा या सभेला समजावून सांगायला नको. दुसरीबद्दल मात्र बोलायला हवे, कारण ती प्रेमाने केली जाते.

या आजारात बिघाड हातापायाचा नसतो, मेंदूचा असतो. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि तेवढा भाग मरतो. डावीकडे झाले तर उजवे अंग लुळे पडते, पुष्कळदा वाचाही जाते. मेलेला भाग परत येत नाही. पण उरलेला मेंदू त्याचे काही काम शिकून घेऊ शकतो, आणि तो शिकतो केवळ करून, पुन्हा पुन्हा करून. पहिल्या तीन महिन्यांत हे शिकणे सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. नेमके तेच महिने आपण "आराम करू द्या" म्हणत घालवतो. अर्थात पहिल्याच दिवशी ताणून उभे करणेही योग्य नाही. थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा, असे तज्ज्ञ सांगतात.

घरच्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. लुळा हात ओढून रुग्णाला उठवू नये. स्नायूंचा आधार गेलेला खांदा सांध्यातून खाली उतरतो, मग तो इतका दुखतो की रुग्ण व्यायामच नको म्हणतो. पाठीला व कमरेला धरून उठवावे, बसवताना हाताखाली उशी द्यावी.

बंधूंना तेथील बाईंनी पहिल्यांदा विचारले, "तुम्हाला काय करता यायला हवे?" ते म्हणाले, "सही." मग जाड पेनाला कापड गुंडाळून तोच व्यायाम. बँकेत आम्ही असे पेन्शनर रोज पाहतो. सही करता न येणाऱ्याचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात. त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. त्यामुळे पैसे अडत नाहीत. तरीही आठ महिन्यांनी बंधूंनी वाकडीतिकडी का होईना, नवी नमुना सही दिली तेव्हा काउंटरमागचे आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

आता कुणी म्हणेल, घरच्यांनीच शिकून घेतले तर तज्ज्ञ कशाला? भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्यांना शिकवलेला गट आणि नेहमीचे उपचार घेणारा गट, दोहोंत सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले वा परावलंबी राहिलेले शेकडा ४७ निघाले. म्हणजे घरच्यांच्या हातात काम सोपवून तज्ज्ञाची जागा भरून निघत नाही, असे मला वाटते.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५३ पासून या विद्येचे शिक्षण चालते, हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ ची. सोय आहे. पण आमच्या बरोबरीने येणारे एक गृहस्थ दोन महिन्यांतच यायचे बंद झाले. केसपेपर स्वस्त होता, टॅक्सी महाग होती, आणि बरोबर येणाऱ्या मुलाचा रोज बुडत होता. आपल्या संस्थेतील तरुणांनी आठवड्यातून एकेक दिवस वाटून घेतला तर अशा एका रुग्णाची ने-आण होऊ शकते. मी शनिवार घेतो, ज्या शनिवारी बँक बंद असते ते.