कार्ल्याच्या खांबांवरची नावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्ला लेण्याच्या सहलीबद्दल दोन शब्द बोला, असे कमिटीने आम्हाला सांगितले. आम्ही काही पुराणवस्तूंचे पंडित नव्हे. साच्यापुढे उभे राहून आयुष्य गेले. रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले, तेवढेच आमचे भांडवल. म्हणून कामगाराच्या डोळ्याला जे दिसले तेच सांगतो.

लोणावळ्याहून पुणे लोकलने मळवलीला उतरलो. तिथून चालत वेहेरगाव. या गावाच्या नावात आम्हाला तरी विहारच ऐकू येतो. पायऱ्या चढून वर गेले की समोर चैत्यगृह, एका बाजूला चार सिंहांचा दगडी स्तंभ आणि दुसऱ्या बाजूला एकवीरा देवीचे देऊळ. कोळी बांधवांची गर्दी होती. आम्हाला त्यांनी बाजूला सरून वाट दिली, हेही सांगितले पाहिजे.

आत पाऊल टाकले आणि आमची पोरेसुद्धा गप्प झाली. सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट रुंद असे हे दालन, उंचीही जवळपास तेवढीच. डोंगरात कोरलेले भारतातले हे सर्वात मोठे चैत्यगृह. खांब 37. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे, खाली दगडी घडा, वर बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्त्री-पुरुष. स्तूपामागचे सात मात्र साधे, अष्टकोनी. वर बघा म्हटले तर लाकडाच्या कमानी! दगडाच्या छताला लाकडाचा आधार लागत नाही. पण आधी लाकडाची घरे बांधणाऱ्या कारागिरांची रीत ती, ती डोंगरातही त्यांनी सोडली नाही. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाची आहे. एकोणीसशे वर्षांच्या आसपास हे लाकूड टिकून आहे.

आमच्यातल्या एका बाईंनी विचारले, "पण इथे भगवान बुद्ध कुठे आहेत?" प्रश्न बरोबर होता. चैत्य कोरला गेला तेव्हा मूर्ती करीत नसत, स्तूपालाच वंदन करीत. दर्शनी भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या काही शतकांनंतर कोरलेल्या आहेत. दारांच्या बाजूला ज्या जोड्या उभ्या आहेत त्या मात्र मूळच्या. पुरुषाच्या डोक्याला पागोटे, बाईच्या पायात जाड वाळे. दोघेही अंग मोकळे सोडून उभे. कोणापुढे वाकलेले नाहीत. आमची नजर तिथून हलेना.

आता मुद्द्याचे बोलतो. हे लेणे कोणी केले? आम्हाला वाटायचे, राजाने. राजांचा हात होता, नाही असे नाही. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक हे गाव दिल्याचा लेख आहे. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातले बनवासी, तिथल्या भूतपाल सेठीचा लेख व्हरांड्यात आहे. जंबुद्वीपातले उत्तम शैलघर आपण पुरे केले, असे तो त्यात सांगतो. सेठ तो सेठच! पण आत जा आणि खांब वाचा. एकेक खांब एकेकाचे दान. धेनुकाकट गावचे कितीतरी लोक, त्यांत यवनसुद्धा आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परके लोक. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित या भिक्खूचा, आपल्या नालासोपाऱ्याचा हो! सिहदत नावाच्या गंध विकणाऱ्याने दार दिले. आसाढमिता भिक्खुणीने कठडा दिला. कोडी नावाची आणखी एक भिक्खुणी, घुणिकाची आई, तिचेही दान आहे. आणि धेनुकाकटचाच सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार, त्याने दार केले. सुताराचे नाव बापाच्या नावासकट दगडात आहे.

हे सांगायचे कारण असे. आपल्या सभागृहात दात्यांची संगमरवरी पाटी लागणार आहे. पाच हजारांच्या वर ज्यांनी दिले त्यांचीच नावे घालायची, जागा कमी आहे, असे बोलणे चालू आहे. काही जुनी मंडळी म्हणतात, दान द्यायचे तर नाव कशाला? त्यांचा आम्ही आदर करतो. पण आमच्या आईबापांची नावे कुठे लिहिली होती? सावकाराच्या वहीत, आणि फार तर गिरणीच्या मस्टरवर. ज्याचे नाव कोणी चांगल्या कामासाठी लिहिलेच नाही, त्याला 'नाव कशाला' असे आपण सांगू नये. जागा कमी असेल तर अक्षरे बारीक काढा. कार्ल्याची अक्षरे तरी कुठे मोठी आहेत? आम्हाला ती बोटाने शोधावी लागली.

एक गोष्ट राहिली. आपला एक मुलगा खिळ्याने खांबावर स्वतःचे नाव कोरायला निघाला होता. "आपलंच लेणं आहे ना काका," म्हणाला. त्याचा हात धरला. सामी सुताराने दार केले, म्हणून त्याचे नाव तिथे आहे. तू काय केलेस, एवढेच विचारले. पोरगा समजूतदार, खिळा खिशात घातला. परतताना भिक्खूंच्या खोल्यांसमोरचा प्लास्टिकचा कचरा त्यानेच गोळा केला.

पायाच्या वेळी वाळू वाहणाऱ्या, स्लॅबच्या दिवशी रात्रभर घमेली दिलेल्या आणि महिन्याला दहा-दहा रुपये देणाऱ्या सगळ्यांची नावे आम्ही वहीत उतरवली आहेत. साडेतीन पाने झाली. वही महिला मंडळाच्या टेबलावर ठेवली आहे. कोणाचे राहिले असेल तर भोजनाआधी सांगावे, आणि बायकांनी स्वतःचे नाव सांगावे, नुसते अमक्याची आई असे नको. जयभीम.