चिठ्ठीवर नाव कुणाचं?

(मनोरी येथील महिला मेळाव्यातील भाषण)

पुण्यात दिनकर केळकरांचं संग्रहालय आहे. अडकित्ते, दिवे, वज्री, करंडे अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. या वस्तू रोज हाताळणाऱ्या बायकांची नावं मात्र आज कुणाला सांगता येणार?

आता आपली रांगोळी बघा. एक, तीन, पाच, सात, पुन्हा पाच, तीन, एक असे ठिपके मांडा. सातच्या ओळीपर्यंत होतात १६, म्हणजे चार चोक. उरतात ९, म्हणजे तीन त्रिक. खेळता खेळता केलेलं हे गणितच! जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना तुकड्याला तुकडा जुळवतो, तेही गणितच. तरी आपणच म्हणतो, "मला कुठं गणित येतं?" ज्या कामात डोकं लागतं असं कुणी मानत नाही, त्याला दामही मिळत नाही.

म्हणून मनोरीतही एक भिंत मिळवू या. तिथे गोधड्या, टोपल्या, रांगोळीच्या वह्या मांडू. शेजारी चिठ्ठी लावू: केली कुणी, शिकवली कुणी, तास किती लागले. मुली त्यावरून नवी नक्षी काढतील. आणि गोधडी विकताना तासांचा हिशेब आपल्या हातात असेल.