कार्ड कुणाच्या नावावर, पैसा कुणाच्या हातात?

(वस्त्यांमधून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळी चहाच्या वेळी एकीनं मला विचारलं, "ताई, दोन्ही कार्डं दिसायला सारखी, दोन्ही मशीनला लावायची, दोन्हींना पिन. मग डेबिट काय आणि क्रेडिट काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी २८ वर्षं बँकेत काढली. काउंटरच्या आत बसून वाटायचं, हे सगळ्यांना माहीतच असणार. सल्ला केंद्रात बसायला लागले तेव्हा कळलं की नसतं. बायकांना तर कुणी सांगायच्या भानगडीतही पडत नाही.

डेबिट कार्ड आपल्या बचत खात्याला बांधलेलं असतं. दुकानदार ते मशीनला लावतो, तेव्हा मशीन रुपे किंवा व्हिसाच्या जाळ्यातून आपल्या बँकेला विचारतं, 'या खात्यात एवढे पैसे आहेत का?' असले तर बँक तेवढे लगेच वजा करते, नसले तर नाही म्हणते. म्हणजे डाळीच्या डब्यात ठेवलेली आपलीच नोट आपण काढली. डबा तेवढा बँकेत आहे.

क्रेडिट कार्ड म्हणजे वाण्याकडची उधारीची वही. दुकानदाराला पैसे बँक देते. आपल्या खात्याला हात लागत नाही, त्या बँकेत आपलं खातं असायलाही हवं असं नाही. महिन्याचा हिशोब बिलावर येतो, भरायला पुढे काही दिवस मिळतात, आणि दिलेल्या तारखेला सगळं भरलं तर खरेदीवर व्याज नाही. इथवर वाणी बरा की बँक बरी, सारखंच. पण महिना उलटला की वाणी दारात येतो. बँक येत नाही. ती बिलावर एक छोटा आकडा छापते, 'मिनिमम ड्यू', म्हणजे एवढे भरले तरी चालतील.

या आकड्यापाशी जरा थांबू या. समजा बिल २०,००० रुपयांचं आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये. तुम्ही हजार भरले, १९,००० राहिले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, ६६५ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी १२० रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा साधारण हजार भरलेत, तर त्यातले ७८५ व्याजात आणि करात गेले आणि मूळ उधारी जेमतेम दोनशेनं उतरली. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज. आणि या कार्डानं एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर काढण्याचं शुल्क वेगळं. आपल्या गटात दरमहा दोन टक्क्यांवर कर्ज देताना आपण किती वाद घालतो ते आठवा.

राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली म्हटलं होतं की क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द झाला. तेव्हा व्याजदर बँक ठरवणार हे धरूनच चालायचं.

मग डेबिट कार्ड सुरक्षित, असं म्हणायचं का? खर्चाच्या दृष्टीनं हो, असेल तेवढंच जातं. चोरीच्या दृष्टीनं मात्र उलटं आहे. क्रेडिट कार्डावर कुणी लबाडी केली तर अडकतात ते आधी बँकेचे पैसे, आपण बिलावर हरकत घेऊन भांडतो. डेबिट कार्डावर लबाडी झाली तर आपला पगार गेलेला असतो आणि भांडण त्यानंतर सुरू होतं. शाळेची फी भरायच्या आठवड्यात हा फरक फार मोठा असतो.

रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून याचे नियम घातले. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तिच्यावर भुर्दंड नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती खात्यात टाकायची. ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर. पण एक अट आहे: पिन किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

'कुणाला' यात नवराही आला. बंगळूरची २०१३ सालची गोष्ट आहे. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका बाईनं नवऱ्याला आपलं कार्ड आणि पिन देऊन २५,००० रुपये काढायला पाठवलं. मशीनमधून पावती आली, पैसे आले नाहीत. तक्रार केली तर बँक म्हणाली, कार्ड हस्तांतर करता येत नाही, पिन दुसऱ्याला दिला हाच नियमभंग. २०१८ साली जिल्हा ग्राहक मंचानंही बँकेची बाजू मान्य केली: तिनं सेल्फ चेक किंवा अधिकारपत्र द्यायला हवं होतं. ओली बाळंतीण चेक लिहीत बसेल का, हा प्रश्न कुणाला पडलेला दिसत नाही.

आपल्याकडे तर पिन नवऱ्याकडे असणं हीच रीत. केंद्रात एक बाई आली होती, चार घरची कामं करणारी. खातं तिचं, कार्ड तिच्या नावाचं, पण बँकेत मोबाईल नंबर नवऱ्याचा. पैसे निघाल्याचा संदेश त्याला, ओटीपी त्याला. बाईंचा पगार झाला की तिच्या आधी त्याला कळायचं. भांडण करून ती माहेरी निघाली, एसटीचं तिकीट कार्डानं काढलं, आणि ती कुठल्या गाडीत बसली हे त्याला ती बसायच्या आत समजलं.

ॲड-ऑन क्रेडिट कार्डाचंही तसंच. नवऱ्याच्या कार्डावर बायकोला जोडकार्ड मिळतं, तिचं नाव छापलेलं असतं, तीही खूश होते. पण बिल त्याला जातं, देणं त्याचं, आणि त्यानं सांगितलं की कार्ड बंद. वकिलाची फी त्यावर भरू नका, एवढं तरी आपल्याकडे येणाऱ्या बाईला सांगा.

क्रेडिट कार्ड घेऊच नका असं मी म्हणत नाही. डेबिट कार्ड कितीही वापरलं तरी त्यानं कर्जफेडीची नोंद तयार होत नाही. वेळेवर भरलेल्या क्रेडिट कार्डाची होते, आणि उद्या शिलाई मशीनसाठी कर्ज मागताना ती उपयोगी पडते. पगाराचा कागद नसेल तरी अनेक बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. मात्र न मागता कार्ड गळ्यात मारायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच मनाई केली आहे. कार्ड बंद करा म्हटल्यावर, बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड, हेही त्यातच आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

जनधन खात्याचं रुपे कार्ड ट्रंकेत कुलपात असेल तर तेही बाहेर काढा. त्याला अपघात विमा जोडलेला आहे, पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं.

पैसे गेल्याचं कळताच आधी बँकेला फोन, मग १९३० या नंबरला.

जेवणानंतर सगळ्यांनी पासबुकं घेऊन बसायचं आहे. खात्याला कुणाचा नंबर आहे ते प्रत्येकीनं बघायचं. बदलायचा असेल तर काय काय लागतं ते सांगते, अर्ज इथेच लिहू. चष्मा विसरलेल्यांनी माझ्या शेजारी बसा.