नेमलेला निबंध
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात, बडोदे येथील विद्यार्थिमेळाव्यात शिष्यवृत्ती समितीच्या वतीने केलेले भाषण)



शिष्यवृत्ती समितीने आज चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. किती मुलांना किती साहाय्य दिले, हे अहवालात आलेच आहे. आम्ही आज एक उणीव सांगणार आहोत आणि ती आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा एक शिष्यवृत्तीधारक पहिल्याच सत्रात कॉलेज सोडून घरी बसला. फी भरलेली होती, पुस्तके दिलेली होती. चौकशी करता कळले, की त्याची असाइनमेंट ‘उतरवलेली आहे’ असा शेरा मारून परत आली होती. मुलगा म्हणाला, “काका, पुस्तकात आहे तेच लिहिलं, मग चुकलं कुठं?” आम्ही निरुत्तर झालो. कारण शाळेत असताना गाइडातली उत्तरे त्याने जशीच्या तशी लिहिली, गुण मिळवले आणि त्या गुणांसाठी आम्हीच त्याला हार घातला होता. पुढल्या वर्षी त्याने पुन्हा नाव घातले. पण एक वर्ष गेले ते गेलेच. आम्ही फी दिली, वाट दाखवली नाही.

तेव्हा प्रथम हे सांगू, की विद्यापीठातला नेमलेला निबंध म्हणजे पाठांतराची परीक्षा नव्हे. तो एका प्रश्नाला दिलेला तुमचा जबाब आहे. इतरांचे ऐकून घ्यावयाचे, पारखावयाचे आणि मग आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडावयाचे.

याचा उत्तम नमुना आपल्या बडोद्याच्याच शिष्यवृत्तीतून निपजला आहे. सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भारतातील जातींवर एक निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. त्याची बांधणी पाहा. आरंभी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवल्या आहेत. केतकरांच्या चिकित्सक दृष्टीचे कौतुक केले आहे. तरीही त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानेच मिळणारे सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असे दाखवले आहे. मग जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे मूळ, हा आपला सिद्धांत मांडून तो सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या आधारे पडताळला आहे. अखेरीस, आपले मत चुकीचे ठरल्यास ते सोडण्याचीही तयारी दाखवली आहे. ज्याचे मत त्याचे नाव, आणि जे आपले ते ठामपणे आपले. याहून अधिक काय शिकावयाचे?

आता वेळेचा हिशेब. लग्नघरी मुहूर्तापासून मागे मोजीत तयारी करतात, तसेच येथे करावे. एकवीस दिवसांची मुदत असेल तर पहिले दोन दिवस नुसता प्रश्न वाचा. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’ आणि ‘चिकित्सा करा’ ही तीन वेगळी कामे आहेत. कळले नाही तर सरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आठ दिवस वाचन. हंसा मेहता ग्रंथालयात बसा, पण टिपण घेताना लेखक, ग्रंथ आणि पृष्ठांक त्याच क्षणी लिहा. शब्दशः उतरवलेले वाक्य अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांनी ते तुम्हाला आपलेच वाटू लागेल. दोन दिवस आराखडा: प्रत्येक परिच्छेद काय सांगणार, ते एकेका ओळीत. पाच दिवस पहिला खर्डा. तीन दिवस सुधारणा; घरी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. आजीला मुद्दा कळला नाही तर दोष आजीचा नव्हे. उरलेला एक दिवस हाती राखा, कारण वीज जाते, यंत्र अडते, माणूस आजारी पडतो.

आणि आता तर संगणकाला प्रश्न सांगितला की क्षणात निबंध तयार मिळतो. त्या यंत्राचा आम्हांस राग नाही. कॉलेजने मुभा दिली असेल तेवढीच मदत घ्यावी आणि ती घेतली असे सांगावे. पण दुसऱ्याने लिहून दिलेल्या निबंधावर प्राध्यापकांनी एक प्रश्न विचारला तर आपण काय बोलणार? आमच्या त्या मुलाजवळ निदान अज्ञानाची सबब होती. आज हे ऐकल्यावर तुमच्याजवळ ती राहिली नाही!

पालकहो, मुलगी किंवा मुलगा निबंध लिहीत असेल तेव्हा ‘किती पाने झाली?’ असे विचारू नका. ‘तुझे म्हणणे काय?’ असे विचारा.

समितीने आपल्यापुरता निश्चय केला आहे. यापुढे शिष्यवृत्तीच्या धनादेशाबरोबर आम्ही आमचा वेळही देऊ. दर रविवारी सकाळी संस्थेच्या वाचनालयात आमच्यापैकी दोघे बसतील. खर्डा कच्चा असला तरी घेऊन या. आम्ही लिहून देणार नाही, शेजारी बसू.