वेताळाचे उड्डाण



उज्जयिनीत विक्रमादित्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. तथापि सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळकथांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, राजा आहे. पुढे लोककथेने त्याला उज्जयिनीचा विक्रम केले आणि १९८५ साली दूरदर्शनवरील ‘विक्रम और बेताल’ या मालिकेने तो घरोघरी पोहोचविला. अरुण गोविल राजा झाले, तर सज्जन वेताळ.

त्या काळी पडद्यावरील चमत्कारास संगणकाचे साहाय्य नव्हते; युक्त्या साध्या, पण कष्टाच्या असत. पात्र अदृश्य करावयाचे तर कॅमेरा थांबवावयाचा, इतरांनी जागच्या जागी निश्चल राहावयाचे, नटाने बाजूला व्हावयाचे आणि चित्रण पुन्हा सुरू करावयाचे. कोणाचा हात तसूभर जरी हलला, तरी सांधा दिसे. उड्डाणासाठी नटास निळ्या पडद्यापुढे टिपून त्या निळाईच्या जागी आकाश जोडीत. उरलेली उणीव धूर आणि अंधार झाकीत.

या विद्येचा उगम महाराष्ट्राला परका नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली. १९१७ च्या ‘लंकादहना’त हनुमान उडविला. १९३६ मध्ये पुण्याच्या प्रभात स्टुडिओत तुकोबांचे वैकुंठगमन साकारले. त्याच आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि ‘विक्रम और बेताल’च्या निर्मितीत मोठा वाटा असलेले प्रेम सागर छायाचित्रण शिकले ते तेथेच. फाळक्यांपासून वेताळापर्यंतचा धागा असा अखंड आहे.

परंतु हा धागा टिकतो कशाने? फाळक्यांनी आपल्या उद्योगाची हकिगत ‘नवयुग’ मासिकात मराठीतून लिहिली, म्हणून ती आजही वाचता येते. ज्या सुताराने विमानाचा सांगाडा बांधला, ज्या रंगाऱ्याने आकाश रंगविले, त्यांनी लेखणी हाती धरली नाही. त्यांचे ज्ञान बहुधा त्यांच्याबरोबरच गेले. संगणक आल्यावर ते शिकण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली.

ग्रंथालयाचे कार्य येथेच सुरू होते. राजाने प्रेत खांद्यावर वाहिले नसते, तर वेताळाच्या कथा कोणाच्या कानी पडल्या नसत्या. कारागिरांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहवून घेऊन त्या कपाटात सुरक्षित ठेवणे, हेही तसेच ओझे वाहणे आहे. ते ज्ञानमंदिरांनी आनंदाने उचलावे.