एका युनिटामागचं हजार लिटर पाणी



दिवेलागणीला तुम्ही बटण दाबता आणि घरात उजेड पडतो. त्या उजेडापायी कुठं तरी काही तरी खर्ची पडत असतं, बरं का! आज त्याचा हिशोब पाहू.

सायकलचा डायनामो पाहिला आहे ना? चाक फिरलं की आतलं चुंबक तारेच्या वेटोळ्यापाशी फिरतं आणि दिवा लागतो. मोठ्या वीजघरातही तत्त्व हेच. प्रश्न एवढाच, की फिरवायचं कुणी? कोळशाच्या आचेवर केलेली वाफ फिरवते, वारा फिरवतो, पाणी फिरवतं. सौरपट्ट्या तेवढ्या काही न फिरवता वीज देतात.

आता आपली कोयना घ्या. महाबळेश्वरी उगम पावून ती दक्षिणेकडे येते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. वळणाच्या पलीकडे, पश्चिमेला, सह्याद्री तुटून खाली कोकण. इंजिनिअरांनी नेमकं हे हेरलं. नदी अडवली, डोंगरातून बोगदा काढला आणि पाणी सुमारे ४७५ मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं. १९६२ साली तिथं वीज सुरू झाली.

हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं, की साधारण एक युनिट वीज मिळते, किंचित जास्तच. शंभर वॅटचा दिवा दहा तास, किंवा आजचा दहा वॅटचा एलईडी दिवा शंभर तास. गुरुजी, हे गणित मुलांना जरूर घाला : शाळेच्या चार मीटर उंच छपरावरून पाणी सोडलं, तर त्याच एका युनिटाला किती लागेल? सव्वा लाख लिटरच्या आसपास! किंमत पाण्याला आहेच, पण इथं ती उंचीलाही आहे.

वीज करताना पाण्याचा थेंबही आटत नाही. मग तक्रार कसली? तक्रार अशी, की पोफळीचं पाणी पुढं कोळकेवाडीला पुन्हा एकदा वीज देतं आणि वाशिष्ठीवाटे समुद्राला मिळतं. ते कृष्णेकडे परतत नाही. इकडे पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके घागरभर पाण्याला मोताद. म्हणून तर कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली.

मग कोळशावरच का भागवू नये? एका युनिटाला अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो, राख उरते ती निराळी. शिवाय कोळशाची भट्टी थंड पडली तर तापायला कित्येक तास लागतात. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत चालू होतं. सायंकाळी सगळ्या गावांत एकदम दिवे लागतात तेव्हा कोयनाच धावून येते.

पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार-साडेचार युनिटं घेतो. ती वीज कोयनेची असेल, तर तिकडे चार हजार लिटर पाणी डोंगर उतरलं म्हणून समजा. पाट भरून शेताबाहेर वाहत असेल, तर आधी पंप बंद करून या. आम्ही थांबतो.